संकटातली उपकारस्तुती

आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई शिकायला येत. एके दिवशी त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "गुरुजी, घरधन्याचं काम सुटलं. पोरगी तापानं पडली आहे. आणि पाळकसाहेब सांगतात, देवाची उपकारस्तुती करा. मी आभार मानू तरी कशाचे?"

उपकारस्तुती म्हणजे देवाने केलेले उपकार आठवून त्याचे आभार मानणे. बाईंचा प्रश्न खरा होता. दुःखात पडलेल्याला नुसते "आभार मान" म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. म्हणून मी त्यांना पंडिता रमाबाईंची हकीकत सांगितली.

रमाबाई १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्या काळात मुलींना क्वचितच कोणी शिकवीत असे. पण रमाबाईंना घरातच संस्कृत शिकायला मिळाले. पुढे दुष्काळाच्या दिवसांत आईबाप गेले, थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली नवरा गेला. पदरात लहानगी मनोरमा होती. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. आपले नागपूर तेव्हा या प्रांताची राजधानी होते. रमाबाई पुण्याहून या प्रांतात आल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. निराधार मुली आणि विधवा यांना त्या आपल्याबरोबर घेऊन गेल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांना आसरा मिळाला. तेथे त्या लिहायला-वाचायला शिकल्या, विणकाम शिकल्या, छापखान्यात काम करू लागल्या.

आता पाहा. आईबाप दुष्काळात गेले, याबद्दल रमाबाईंनी आभार मानले काय? नाही. ते दुःख दुःखच राहिले. पण आपण वाचलो ही देवाची कृपा, असे त्या मानीत. वाचलेला जीव आणि शिकलेली विद्या त्यांनी दुसऱ्यांसाठी लावली. हीच त्यांची उपकारस्तुती.

संत पौलानेही थेस्सलनीकाच्या मंडळीला कळवले, की कसलीही वेळ आली तरी देवाचे उपकार विसरू नका. संकटात असताना आभार मानणे वेगळे, आणि संकटाबद्दल आभार मानणे वेगळे.

मग आपण काय करावे?

आधी मन मोकळे करावे. लाजाराच्या कबरेपाशी येशूच्याही डोळ्यांत पाणी आले. रडलो म्हणजे विश्वास गेला, असे नाही.

रात्री दिवा मालवण्यापूर्वी दिवसभरात मिळालेल्या दोन-तीन गोष्टी आठवाव्या. ज्यांनी मदत केली त्यांची नावे प्रार्थनेत घ्यावी.

आपल्याजवळ थोडे असले, तरी त्यातले चिमूटभर दुसऱ्याला द्यावे.

आणि आभार मानतो म्हणून हात बांधून बसू नये. औषधपाणी करावे. थकलेली मजुरी मागावी. काम शोधावे.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या. त्यांनी पाटीवर सावकाश दोन ओळी लिहिल्या: "शेजारणीने मुलीला पेज आणून दिली. काम अजून मिळाले नाही."

मी दोन्ही ओळींपुढे बरोबरची खूण केली.