दैवाचा क्रमांक पाचवा

सोयाबीन काढणीला आले की दवाखान्यातल्या तक्रारींचा सूर बदलतो. ताप-खोकला मागे पडतो आणि 'छातीत धडधड होते', 'रात्री दोनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही', 'अन्नावर वासना नाही' असे सुरू होते. रक्तदाब पाहावा, ईसीजी काढावा, साखर तपासावी, तर सगळे ठीक. मग हळूच विचारावे, "ढग भरून आले की जास्त होते का?" रुग्ण मान हलवतो. शेजारी बसलेली घरधनीण सांगते, "डॉक्टरसाहेब, रात्री चार-चारदा उठून दारात जाऊन आभाळ बघतात हो."

यात नवल काही नाही. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला आपल्याकडे, परभणीत आणि नांदेडात एका पावसात शेते वाहून गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये तर साऱ्या मराठवाड्याने पुन्हा तेच पाहिले. उभ्या सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. आणि हाच मराठवाडा २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणत होता. दहा वर्षांत दोन्ही टोके पाहून झाली. ज्याचे पोट आभाळावर आहे, त्याच्या छातीत धडधड झाली नाही तरच डॉक्टरने काळजी करावी.

काही वाचक म्हणतील, आरोग्याच्या सदरात हे काय? माझे म्हणणे असे की, या धडधडीवर नुसती झोपेची गोळी लिहून देणे हा अर्धाच उपचार आहे. उरलेला अर्धा विचारांचा आहे. त्याला तत्त्वज्ञान म्हटले की लोक बिचकतात. पण आपल्या माणसाइतके तत्त्वज्ञान कोणी बोलत नसेल. अडचण एवढीच, की ते बहुधा चुकीच्या जागी बोलले जाते.

दवाखान्यात मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य म्हणजे, "नशिबातच नव्हतं." वाक्य धीराचे वाटते; मात्र नीट कान देऊन ऐकले तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे 'जे माझ्या हातचे नव्हते ते मी सोडून देतो.' हे औषध आहे. दुसरी म्हणजे 'माझ्या हातात आता काहीच नाही, मी काही करून उपयोग नाही.' हे विष आहे. बाटली एक, लेबल एक, आत काय आहे ते पाहिल्याशिवाय कळत नाही.

गीता घरोघरी आहे, पण अठरावा अध्याय फार थोडे लोक काढून बघतात. त्यात कोणतेही काम सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. आपल्या भाषेत सांगायचे तर शेत, शेतकरी, अवजारे आणि बी-बियाणे, मेहनत आणि मग पाऊस. दैव आहे, नाकारलेले नाही. पण त्याचा क्रमांक पाचवा आहे. 'नशिबातच नव्हतं' म्हणणारा माणूस पहिली चार कारणे खोडून टाकतो आणि पाचव्याला पाटीलकी देतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले ते गीता ही संन्यासाची नसून कर्माची आहे हे दाखवण्यासाठीच. सहा वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या माणसाने हे लिहावे, याला वजन आहे.

आता इथे एक नवी गोष्ट घडली आहे आणि तिचा विचार जुन्या टीकाकारांना करण्याचे कारण नव्हते. पाऊस हे निखळ दैव राहिलेले नाही. हवा एक अंश सेल्सिअस तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. म्हणून पाऊस बराच काळ दडी मारतो आणि आला की एका रात्रीत ओततो. हवा तापली ती कोळसा, तेल आणि वायू जाळल्यामुळे. २०२४ हे साल जगाचे सरासरी तापमान यंत्रयुगापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून वर गेल्याचे पहिले पूर्ण वर्ष ठरले. म्हणजे पाचव्या रकान्यातला काही भाग आता 'कर्म' या रकान्यात आला आहे. फक्त ते कर्म एकाचे नाही, कोट्यवधी हातांचे आहे.

कोणाचे किती, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत माणशी वर्षाला साधारण चौदा टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतात माणशी साधारण दोन टन. त्या दोन टनांतही सेनगाव किंवा कळमनुरीच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा किती असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. तेव्हा 'मागच्या जन्मीचे पाप फेडतोय' असे कोणी म्हणाले की मला राग येतो. पाप असेल तर ते या जन्मीचे आहे, आणि पुष्कळसे दुसऱ्याचे आहे. हे राजकारण म्हणून सांगत नाही. स्वतःला दोष देत बसणे हे खिन्नतेच्या आजाराचे एक मोठे लक्षण आहे, म्हणून सांगतो. बिघाडाचे खरे कारण कळले की मनावरचे निम्मे ओझे उतरते.

औंढ्याची विसोबा खेचरांची गोष्ट आपल्या जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक आहे. नर्सीचे नामदेव गुरूच्या शोधात आले, पाहतात तो विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, बाबा, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी जिथे जिथे पाय ठेवले तिथे तिथे पिंड उभी राहिली. ही कथा भक्तीची आहेच. पण मला अलीकडे ती हवेच्या संदर्भात आठवते. धूर आपण 'तिकडे' सोडतो, प्लास्टिक 'तिकडे' जाळतो, सांडपाणी 'तिकडे' कयाधूत सोडतो. 'तिकडे' अशी मोकळी जागा पृथ्वीवर कुठेच नाही.

असो. मूळ मुद्दा धडधडीचा.

सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी रोमच्या साम्राज्यात एपिक्टेटस नावाचा एक गुलाम होता, पुढे मुक्त होऊन शिक्षक झाला. त्याच्या शिकवणीची सुरुवातच अशी, की काही गोष्टी आपल्या ताब्यात आहेत आणि काही नाहीत. आधी त्या निवडून वेगळ्या करा. आपल्या बायका सुपात धान्य पाखडतात तसे. विसाव्या शतकात अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याच विचारातून १९५५ मध्ये एक उपचारपद्धती उभी केली. किशोर फडके आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे ती मराठी वाचकांना परकी राहिलेली नाही. एलिस यांचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रसंगाने माणूस जेवढा कोसळत नाही तेवढा त्या प्रसंगाला लावलेल्या आग्रहाने कोसळतो. आपल्या भाषेत हा आग्रह एका अक्षरात मावतो. ते अक्षर म्हणजे 'च'.

'पाऊस वेळेवर यावा' ही इच्छा झाली. 'पाऊस वेळेवर आलाच पाहिजे, नाही तर मी संपलोच' हा हुकूम झाला. इच्छा मोडली तर दुःख होते, हुकूम मोडला तर माणूस मोडतो. दोन्हींत पाऊस तेवढाच पडतो. जो इच्छा बाळगतो तो दुसऱ्या दिवशी चर काढून शेतातले पाणी बाहेर लावतो. जो हुकूम सोडतो तो बाजेवर तोंड फिरवून पडून राहतो. काळजी जरूर असावी. काळजीनेच माणूस पुढच्या वर्षी सोयाबीन रुंद सरी-वरंब्यावर पेरतो, म्हणजे जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि खंड पडला तर ओल टिकते. तीच काळजी रात्री दोनला उठवून दारात उभी करते, तेव्हा तिचा उपयोग संपलेला असतो. माझ्या रुग्णांना मी एक साधे काम देतो. झोपण्यापूर्वी कागदावर उभी रेघ मारायची, डावीकडे उद्या मला करता येईल ते, उजवीकडे मला करता येणार नाही ते. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्यायचे. डाव्या बाजूला अनेकदा अपेक्षेपेक्षा जास्त निघते. ज्यांनी हे पंधरा दिवस नेटाने केले, त्यांतल्या पुष्कळांनी झोप सुधारल्याचे सांगितले. सगळ्यांनी नाही.

पण 'हातातले तेवढे कर आणि गप्प बस' एवढ्यावर तत्त्वज्ञान संपत असेल तर ते अपुरे आहे. इथे देहूच्या वाण्याची आठवण होते. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. तुकोबा तेव्हा विशीच्या आसपास. घरची महाजनकी, दुकान, सावकारी. त्या दुष्काळात दुकान बुडाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. सावरल्यावर त्यांनी काय केले? डोंगरावर जाऊन चिंतन केले हे आपण कीर्तनात ऐकतो. शिवाय, लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खतपत्रे त्यांनी काढली, धाकट्या भावाचा निम्मा वाटा त्याला दिला आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. वैद्यकीय नजरेने पाहिले तरी ही गोष्ट मला विलक्षण वाटते. स्वतः होरपळलेला माणूस आधी दुसऱ्याच्या मानेवरचा फास सोडवतो. दुष्काळ त्यांच्या ताब्यात नव्हता, देणेकऱ्यांची सुटका होती.

आपल्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. खडी फोडली, नाला बांध घातले, पाझर तलाव खोदले, सुकडी आणि अमेरिकेचा लाल मिलो खाल्ला. हाल झाले. पण त्यांच्या बोलण्यात एकटेपणा नसतो. 'आम्ही' असे बोलतात. गाव एका रांगेत कामावर होते. आज नुकसान साऱ्या गावाचे होते आणि कर्ज मात्र एकेकट्याच्या नावावर चढते. बँकेची नोटीस आली की माणूस पारावर बसणे सोडतो, लग्नकार्याला जाणे टाळतो. 'लोक काय म्हणतील' हे त्याला पावसापेक्षा जास्त जाळते. म्हणून कागदाच्या डाव्या बाजूला मी एक ओळ हमखास लिहायला सांगतो: 'उद्या कोणाशी बोलणार?' भजनी मंडळ असो, बचत गट असो, की चहाची टपरी. तापमान वाढणे एका माणसाने थांबत नाही. ते धोरणाने, विजेच्या कारखान्यांनी, राष्ट्राराष्ट्रांच्या करारांनी थांबायचे आहे. पण गावाने ओढ्याकाठची झाडे राखली, नाला खोल केला, ग्रामसभेत पंचनाम्याचा प्रश्न एकत्र मांडला, तर डावी बाजू एकट्यापेक्षा पुष्कळ लांब होते.

तरुणांतही वेगळी भीती दिसू लागली आहे. शहरात शिकणारी मुले सुट्टीत येतात आणि विचारतात, जग असेच तापत जाणार तर लग्न करून मुले तरी कशाला जन्माला घालायची? त्यांना मी हसत नाही. दीड अंश आणि तीन अंश यांत फार मोठा फरक आहे, आणि मधला प्रत्येक दशांश वाचवण्यासारखा आहे, एवढे खरे उत्तर देतो. 'सगळे संपले' हेही 'च'चेच बोलणे आहे.

आता डॉक्टर म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दुःख वेगळे आणि खिन्नतेचा आजार वेगळा. पीक गेल्यावर रडू येणे, चार दिवस अन्न न जाणे हे दुःख. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास, कशातच गोडी नाही, पहाटे लवकर जाग, अंगात त्राण नाही, आपण घराला भार झालो असे वाटणे, हा आजार. त्याला विचारांचा काढा पुरत नाही, औषध लागते, आणि ते गुण देते. मधुमेहाच्या रुग्णाला आपण 'मन घट्ट कर' म्हणत नाही, तसेच इथेही म्हणू नये. दारूने झोप लागते असे वाटते. प्रत्यक्षात पहाटेची झोप तीच मोडते आणि उदासी वाढवते.

कोणी 'आता जगून काय करायचं' असे बोलले तर 'असं बोलू नये' म्हणून विषय बदलू नका. सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो हा गैरसमज आहे, उलट बोलल्याने बहुधा मोकळे वाटते. त्या माणसाला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे आणा. फवारणीची औषधे घरात, माळ्यावर, बाजेखाली ठेवू नका. कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आले. तो टोकाचा क्षण पुष्कळदा थोडा वेळच टिकतो. त्या वेळात बाटली हाताशी नसली की माणूस वाचतो.

केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र केव्हाही फोन लावता येतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक दवाखान्याच्या फळ्यावर मी लिहून ठेवला आहे. ग्रामपंचायत, कृषी सेवा केंद्र आणि सोसायटीच्या भिंतीवरही तो लिहायला हरकत नाही. फवारणीचे औषध जिथे विकत मिळते तिथे तर तो आधी लिहावा.