पहाटेचं पळणं आणि वाटेतला साप

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली आता गावोगावी आहेत. मैदानी चाचणीत त्यांना ८०० मीटर पळावं लागतं. दिवसा घरची कामं आणि रस्त्यावर गाड्या, म्हणून मुली पहाटे अंधारातच निघतात. पावसाळ्यात एखादीला साप दिसला, की घरचे म्हणतात, ‘उद्यापासून पळणं बंद.’ पिंगळीच्या आम्हा बचत गटाच्या बायकांचं म्हणणं असं, की पळणं बंद करू नका, पळायची रीत बदला.

साप रस्त्यावर येतो तो आपल्यासाठी नाही. पावसात बिळात पाणी शिरतं. बांधाच्या गवतात बेडूक, उंदीर असतात, त्यांच्या मागे तो येतो. दिवसभर तापलेला डांबरी रस्ता रात्री ऊब धरून राहतो, त्यावरही तो पडून असतो. जमिनीची थरथर त्याला कळते, म्हणून पुष्कळदा तो आधीच बाजूला होतो. घोणस मात्र जागीच वेटोळं करून बसते आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. कानात इअरफोन असेल तर तो इशारा ऐकू येत नाही.

म्हणून थोडं उजाडू द्या. अंधारात जायचंच असेल तर हातात बॅटरी, पायात बूट आणि सोबत मैत्रीण हवी. रस्त्याच्या कडेच्या गवतातून पळू नका. साप दिसला तर थांबा, हळूहळू मागे सरका, त्याला जाऊ द्या. त्याच्यावरून उडी नको, दगड नको. धामण, दिवड बिनविषारी असतात, पण अंधारात ओळख पटत नाही. सगळ्यांपासूनच लांब राहा.

चावलाच तर? बाईला धीर द्या, चालायला लावू नका. बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सूज आली की ते रुततात. चावलेला हात किंवा पाय काठीच्या आधारानं स्थिर ठेवा. दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, तोंडानं विष ओढू नका. १०८ ला फोन करा. गाडी आधी मिळाली तर तीच धरा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

मण्यारीचा चावा फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. म्हणून ‘काही झालं नाही’ असं म्हणून घरी थांबू नका. पापण्या जड होणं, गिळता न येणं, हिरड्यांतून रक्त येणं ही विष भिनल्याची लक्षणं आहेत.

साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच औषध चालतं. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ते तयार करतात. मुंबईत परळच्या हाफकिनमध्ये हे काम वर्षानुवर्षं झालं आहे.

२००० ते २०१९ या काळात भारतात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशानं दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली होती.

तेव्हा सख्यांनो, पुढच्या बैठकीत तीन गोष्टी वहीत लिहून घ्या. रात्री-अपरात्री कुणाची गाडी मिळेल? तिचा फोन नंबर काय? सर्पदंशाचं औषध जवळच्या कोणत्या दवाखान्यात आहे? पावसाळ्याच्या आधीच विचारून ठेवा, आणि पोरींना पळू द्या.