स्पोर्ट्‌स मोटारगाडीचे मागील टायर : आयुर्मान

जलद प्रवेग, मोठा वेग आणि वळणावरील भक्कम पकड यांसाठी बनविलेल्या मोटारगाडीच्या मागील आसावर बसविलेले, बहुधा पुढील टायरांहून रुंद असे टायर. साध्या कौटुंबिक मोटारीचे टायर सामान्यतः ४० ते ६० हजार किमी. टिकतात. शक्तिमान स्पोर्ट्‌स मोटारीचे मागील टायर मात्र रस्त्यावरील नेहमीच्या वापरातही पुष्कळदा १५ ते २५ हजार किमी. नंतर बदलावे लागतात. शर्यतमार्गासाठी बनविलेले, पण रस्त्यावर वापरण्यास परवानगी असलेले टायर १० हजार किमी.च्या आतही संपतात. प्रत्यक्ष शर्यतमार्गावर तर ते काहीशे ते एक-दोन हजार किमी.च जातात. हे अल्पायुष्य म्हणजे निर्मितीतील दोष नव्हे. रबर ज्या क्रियेने रस्ता पकडते, त्याच क्रियेने ते झिजते. त्यामुळे पकड वाढविली की आयुष्य बहुधा घटते. तथापि टायर किती किमी. चालला एवढ्यावरून तो सुरक्षित आहे की नाही, हे ठरविता येत नाही.

मागील आसावरील भार : पुढील चाकांना शक्ती पुरविणाऱ्या लहान मोटारीत ओढणे, वळणे व थांबविणे ही तिन्ही कामे मुख्यतः पुढील टायर करतात आणि तेच आधी झिजतात. बहुसंख्य स्पोर्ट्‌स मोटारींत स्थिती उलट असते. त्यांत एंजिनाची सर्व किंवा बरीचशी शक्ती मागील चाकांना दिलेली असते. शिवाय एंजिन चालकाच्या पाठीमागे असल्यास गाडीच्या वजनाचाही मोठा हिस्सा मागे असतो. पोर्श ९११ या जर्मन मोटारीत एंजिन मागील आसाच्याही मागे असून सुमारे ६० टक्के वजन मागील चाकांवर पडते. अमेरिकन शेव्हरले कॉर्व्हेट मोटारीचे एंजिन अनेक दशके पुढे होते. २०२० च्या प्रतिमानापासून ते चालकाच्या मागे आणले गेले, त्यामुळे तिच्यातही मागील भार वाढला.

प्रवेगाच्या वेळी वजन आणखी मागे सरकते. गाडीचा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाइतका, तिच्या दोन आसांमधील अंतर २.४५ मी. आणि गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर धरल्यास एकूण वजनाच्या सुमारे एक-पंचमांश भार पुढून मागे जातो. म्हणजे ज्या गाडीत मुळातच ६० टक्के भार मागे आहे, तिच्यात त्या क्षणी तो ८० टक्क्यांवर पोहोचतो. नेमक्या त्याच वेळी एंजिनाचे परिपीडनही (चाक फिरविणारी प्रेरणाही) याच दोन टायरांमधून रस्त्यावर जात असते.

या कारणाने मागील टायर उत्तरोत्तर रुंद होत गेले. १९६३ मध्ये प्रथम प्रदर्शित झालेल्या ९११ मोटारीला चारही बाजूंस १६५ मिमी. रुंदीचे सारखेच टायर होते. १९७८ च्या ३.३ लि. टर्बो प्रकारात पुढील टायर २०५ मिमी. व मागील २२५ मिमी. रुंदीचे झाले. २०२० च्या टर्बो एस प्रकारात ही मापे अनुक्रमे २५५ व ३१५ मिमी. झाली. मात्र टायर रुंद केल्याने जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ त्या प्रमाणात वाढतेच असे नाही. हे क्षेत्रफळ स्थूलमानाने चाकावरील भार व टायरमधील हवेचा दाब यांवरून ठरते. दीड टन गाडीच्या एका मागील चाकावर ४५० किग्रॅ. भार आणि दर चौ. सेंमी.ला २.५ किग्रॅ. दाब असेल, तर ते सुमारे १८० चौ. सेंमी. भरते. बोटांसह पसरलेल्या हाताच्या पंजाएवढीच ही जागा होय. रुंद टायरमध्ये तिचा आकार आडवा व आखूड होतो. त्यामुळे वळणावर पकड सुधारते आणि रबरातील उष्णता अधिक पृष्ठावर विभागली जाते.

झिजेची क्रिया : चाक जमिनीवर न घसरता फिरते, ही कल्पना केवळ स्थूल अर्थाने खरी आहे. शक्ती देताना मागील चाकाचा परीघ गाडीच्या वेगापेक्षा किंचित अधिक वेगाने फिरतो. जमिनीला टेकलेल्या रबराचे ठोकळे प्रथम ताणले जातात आणि जमीन सोडण्यापूर्वी मागील कडेला थोडेसे घसरतात. या सूक्ष्म घसरणीवाचून रेटा निर्माण होत नाही आणि तिच्यामुळेच रबराचे कण सुटून येतात. घसरणीत खर्च होणारी ऊर्जा बल व घसरणीचे अंतर यांच्या गुणाकाराइतकी असते. बल वाढले की घसरणही वाढते. परिणामी सर्वसाधारण मर्यादेत झीज बलाच्या सुमारे वर्गाच्या प्रमाणात वाढते. रबराच्या झिजेचा मूलभूत अभ्यास ॲडॉल्फ शालामाख यांनी केला. त्यांनी व डी. एम. टर्नर यांनी घसरणाऱ्या चाकांच्या झिजेवर १९६० मध्ये प्रसिद्ध केलेले विवेचन या क्षेत्रात पायाभूत मानले जाते.

वर्गाच्या या नियमामुळे चालविण्याच्या पद्धतीला असाधारण महत्त्व येते. वळण घेताना बाजूचे बल दुप्पट झाले, तर त्या वळणापुरती झीज सुमारे चौपट होते. एकाच प्रकारच्या दोन गाड्यांपैकी एकीचे मागील टायर ३० हजार किमी. आणि दुसरीचे १० हजार किमी. टिकावेत, यात म्हणूनच काही नवल नाही. खडबडीत खडीचा रस्ता, घाटातील वळणे, उष्ण हवा व कमी हवेचा दाब हे घटकही झीज वाढवितात.

रबराचे मिश्रण : चार्ल्‌स गुडइयर या अमेरिकन संशोधकांनी १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची व्हल्कनीकरणाची क्रिया शोधून काढली [→ रबर]. पुढे मिश्रणात काजळी घालण्याची रीत रूढ झाली व झीज पुष्कळ कमी झाली. फ्रान्समधील मिशलिन कंपनीने १९४६ मध्ये एकस्व घेतलेल्या रेडियल रचनेमुळे नक्षीखालील पट्टा ताठ राहू लागला आणि टायरांचे आयुष्य आणखी वाढले. १९९० नंतरच्या दशकात काजळीच्या जोडीला सिलिकाचा वापर वाढला व ओल्या रस्त्यावरील पकड सुधारली.

मऊ रबर रस्त्यावरील बारीक उंचवट्यांभोवती घट्ट बसते आणि आकार बदलताना अधिक ऊर्जा शोषते. म्हणून त्याची पकड चांगली असते. हीच शोषलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. याशिवाय जलद गाड्यांच्या टायरांवर नक्षीची खोलीही बेताची ठेवतात, कारण उंच ठोकळे वळणावर डगमगतात व तापतात. साध्या टायरची नक्षी नवेपणी सुमारे ८ मिमी. खोल असते, शर्यतमार्गाकडे झुकणाऱ्या प्रकारांत ती ५ ते ६ मिमी. असते. कायदेशीर मर्यादेपर्यंतचे १.६ मिमी. वजा केल्यास पहिल्यात ६.४ मिमी., तर दुसऱ्यात जेमतेम ४ मिमी. वापरण्याजोगे रबर उरते.

चाकांचा कल व अदलाबदल : वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस झुकते, तेव्हा बाहेरील टायर सपाट टेकावा म्हणून मागील चाके वरच्या बाजूने किंचित आत कललेली ठेवतात. सरळ रस्त्यावर अशा टायरच्या आतल्या कडेवर जास्त भार येतो. गाडी स्थिर राहावी म्हणून मागील चाकांची तोंडेही थोडी आत वळविलेली असतात. हा कोन केवळ ०.२ अंश असला, तरी चाकाची दिशा व गाडीची दिशा यांत दर किमी.ला सुमारे साडेतीन मीटरचा फरक पडतो व तेवढा ताण रबराला सोसावा लागतो. गॅरेजमध्ये ज्याला अलाइनमेंट म्हणतात ती बिघडल्यास आतली कड काही हजार किमी.मध्येच तारांपर्यंत झिजते. ही कड बाहेरून दिसत नाही. नक्षी चांगली भासणारा टायर आतून उघडा पडलेला असू शकतो. म्हणून गाडी वर उचलून टायरची पूर्ण रुंदी तपासणे आवश्यक असते.

साध्या मोटारीत पुढील व मागील टायरांची अदलाबदल करून झीज सारखी वाटून घेता येते. दोन्हीकडील मापे वेगळी असल्यास हा उपाय उरत नाही. अमेरिकेत काही टायर-उत्पादक अशा गाड्यांच्या मागील टायरांवरील किलोमीटरची हमी निम्म्यावर आणतात, त्याचे कारण हेच होय.

वेग व उष्णता : टायर झिजण्यापूर्वी निकामीही होऊ शकतो. ताशी ३०० किमी. वेगाने फिरणाऱ्या सुमारे ३५ सेंमी. त्रिज्येच्या टायरच्या परिघावरील प्रत्येक कणावर त्याच्या वजनाच्या जवळजवळ दोन हजार पट केंद्रोत्सारी प्रेरणा येते. त्यातच प्रत्येक फेऱ्यात टायर एकदा चेपतो व पूर्ववत होतो. यामुळे टायरवर वेगमर्यादेचे चिन्ह छापतात : एच्‌ म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० व वाय म्हणजे ३०० किमी. कंसातील वाय हे चिन्ह ३०० किमी.हून अधिक वेगाची क्षमता दर्शविते.

रचनेवरील भाराचे ठळक उदाहरण फॉर्म्युला वन शर्यतींत घडले. २००५ च्या हंगामात शर्यतीदरम्यान टायर बदलण्यास सामान्यतः बंदी होती. इंडियानापोलिस येथे १७ जून रोजी सरावात राल्फ शूमाखर यांच्या गाडीचा डावा मागील टायर उतरत्या कडेच्या जलद वळणावर निकामी होऊन अपघात झाला. मिशलिनने आपले टायर त्या वळणावर पूर्ण शर्यत टिकतील अशी ग्वाही दिली नाही. १९ जून रोजी ते टायर वापरणाऱ्या चौदा गाड्या प्रारंभीच्या फेरीनंतर माघारी गेल्या व उरलेल्या सहा गाड्यांमध्येच शर्यत झाली.

झिजेचे मापन : अमेरिकेत मोटारीच्या टायरांवर झिजेचा तुलनात्मक अंक छापावा लागतो. टेक्सस राज्यातील सॅन अँजेलोच्या परिसरात सार्वजनिक रस्त्यांवर आखलेल्या सुमारे ६४० किमी.च्या मार्गावर गाड्यांचा ताफा एकूण सुमारे ११,६०० किमी. चालवितात आणि झिजेची तुलना प्रमाण टायरशी करतात. प्रमाण टायरचा अंक १०० धरतात. २०० अंकाचा टायर त्याच्या दुप्पट टिकावा अशी अपेक्षा असते. प्रवासी मोटारींच्या टिकाऊ टायरांचा अंक ५०० ते ८००, जलद मोटारींच्या उन्हाळी टायरांचा ३०० च्या आसपास, तर शर्यतमार्गाकडे झुकणाऱ्यांचा १८० ते २४० असतो. हा अंक अखेर उत्पादकच ठरवितो आणि चाचणी शांतपणे चालविलेल्या गाड्यांवर होते. म्हणून तो किमी.चे आश्वासन मानू नये.

आयुष्याचा शेवट : मुख्य खाचांच्या तळाशी १.६ मिमी. उंचीचे आडवे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर बदलणे आवश्यक होते. यूरोपातील अनेक देशांत व भारतातही मोटारींसाठी हीच किमान मर्यादा आहे. तथापि रुंद टायरला समोरचे पाणी बाजूस सारणे अवघड जाते. खाचा उथळ झाल्यावर तो मोठ्या वेगात पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि गाडीचा मागचा भाग अचानक बाजूला निसटतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी ३ मिमी. खोलीलाच मागील टायर बदलणे शहाणपणाचे ठरते. कोकणात उतरणाऱ्या घाटांतील मुसळधार पावसात या दक्षतेचे महत्त्व उघड आहे.

स्पोर्ट्‌स मोटारी पुष्कळदा वर्षाकाठी थोड्याच चालविल्या जातात. तेव्हा नक्षी शिल्लक असतानाच रबर म्हातारे होते. प्राणवायू व ओझोन यांच्या क्रियेने, तसेच वारंवार तापून थंड झाल्याने ते कठीण बनते व पकड हरवते. टायरच्या बाजूवरील चार अंकी संख्येत पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा व पुढील दोन वर्ष दाखवितात, उदा., २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. अनेक उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी व जास्तीत जास्त दहा वर्षांनी बदल सुचवितात. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्लॅरिटा येथे पोर्श कॅरेरा जीटी मोटारीच्या अपघातात अभिनेते पॉल वॉकर व गाडीचा चालक हे दोघे मृत्युमुखी पडले. तपासात अतिवेग हे मुख्य कारण ठरले. त्याबरोबरच गाडीचे टायर नऊ वर्षांचे जुने होते व त्याचा तिच्या नियंत्रणावर परिणाम झाला असावा, अशी नोंद झाली.

झिजलेले रबर : टायरमधून गेलेले रबर नाहीसे होत नाही, ते धूळ होऊन हवेत, मातीत व पाण्यात जाते. टायरला ओझोनपासून वाचविणाऱ्या ६पीपीडी या रसायनापासून तयार होणारे एक संयुग अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील ओढ्यांत कोहो सामन मासे मारते, असे २०२० मध्ये दिसून आले. २०२४ मध्ये यूरोपीय संघाने मंजूर केलेल्या युरो ७ विनियमात टायरच्या झिजेवर प्रथमच मर्यादा घालण्याची तरतूद झाली. वजनदार संचायक व थांबलेल्या स्थितीपासूनच मिळणारे मोठे परिपीडन यांमुळे शक्तिमान विद्युत् मोटारींतही हाच प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. पकड कमी न करता झीज घटविणे हे टायर-तंत्रविद्येपुढील जुनेच काम आहे. आता ते केवळ गाडीच्या मालकाच्या खर्चापुरते उरलेले नाही.