बॅटरीतला आकडा

बॅटरीचे काम वीज पुरवण्याचे. पण २००७ साली एका खास बॅटरीच्या मदतीने अनेकांनी आपली पार बंद पडलेली खेळयंत्रे पुन्हा सुरू केली, आणि त्या यंत्रांना विजेची उणीव मुळीच नव्हती. हे यंत्र म्हणजे 'प्लेस्टेशन पोर्टेबल'. सोनी कंपनीने ते डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये विक्रीस आणले. हातात मावणारा हा एक संगणकच. मात्र कंपनीने मान्य केलेल्या आज्ञावल्याच त्यात चालाव्यात, अशी व्यवस्था केलेली होती. हौशी मंडळींना स्वतः लिहिलेल्या आज्ञावल्या चालवायच्या होत्या. काहींना विकतचे खेळ फुकटात हवे होते. दोघांनाही लागणारी वाट एकच, ही या साऱ्या प्रकरणातली अडचण!

यंत्राचे बटण दाबल्यावर पहिली आज्ञा कोण देते? मुख्य चिपमध्ये एक छोटी आज्ञावली कारखान्यातच कायमची कोरलेली असते. ती पुसता येत नाही की बदलता येत नाही. सकाळी शाळेचे कुलूप उघडणाऱ्या शिपायासारखे तिचे काम आहे. फ्लॅश स्मृतीत साठवलेली पुढची आज्ञावली ती वाचते, तिची ओळख पटवते आणि मगच कारभार तिच्या हाती सोपवते.

फ्लॅश स्मृती पुन्हा पुन्हा लिहिता येते. सॉफ्टवेअरमधले कायमचे फेरफार होतात ते इथे. पण लिहिता लिहिता वीज गेली किंवा भलताच मजकूर लिहिला गेला, तर पुढच्या वेळी शिपायाला ओळखीचे कोणीच भेटत नाही. यंत्र तिथेच थांबते. दुरुस्तीची आज्ञावली आत घालावी म्हटले, तर ती घालण्यासाठीही यंत्र आधी सुरू व्हायला हवे!

आता बॅटरी. तिच्यातही एक चिमुकली चिप असते आणि तीत ३२ बिटांचा अनुक्रमांक असतो. या ३२ही जागी १ हा अंक असेल (दशमान पद्धतीत ४,२९,४९,६७,२९५), तर यंत्र दुरुस्तीच्या अवस्थेत जाते आणि फ्लॅशऐवजी बाहेरून खोचलेल्या स्मृतिपट्टीवरून सुरू होते. तिथेही ओळख तपासली जाई. पण त्या तपासणीतली फट हौशी मंडळींनी हेरली होती. द्विमान पद्धती शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. नुसते एकावर एक मांडलेले आकडे काय करू शकतात, ते मुलांना चटकन कळेल.

मग सॉफ्टवेअर बदलून यंत्राकडून हवे ते करून घेता येते का? या यंत्राचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावू शकतो, परंतु सुरुवातीला खेळांसाठी २२२ची मर्यादा होती. फेरफार केलेल्या यंत्रांत ती उठली. पुढे २००७ मध्ये कंपनीनेही उठवली. इथे नवा वेग निर्माण झाला नाही, रोखून धरलेला वेग मोकळा झाला. त्याची किंमत बॅटरी लवकर उतरून मोजावी लागते. शिवाय प्रोसेसर कमी पडत असेल तिथेच खेळ सुधारतो. एखादा खेळ सेकंदाला ३० चित्रेच दाखवायची असे ठरवून लिहिला असेल, तर चित्रे तेवढीच दिसतात.

स्मृतीचे तर बोलायलाच नको. पहिल्या यंत्रात ती ३२ मेगाबाइट होती. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने ती ६४ केली, पण पहिल्या यंत्रात ती कोणत्याही आज्ञावलीने वाढली नाही.

आणि तो शिपाई? २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत चिपमध्ये कोरलेली आज्ञावलीच बदलण्यात आली, आणि जुनी बॅटरी निरुपयोगी ठरली. त्या यंत्रांवर सुरुवातीला जमलेले फेरफार चालू स्मृतीपुरतेच होते. यंत्र पूर्ण बंद केले की ते नाहीसे होत आणि पुढच्या वेळी सारी खटपट पहिल्यापासून करावी लागे.