एका शब्दाचे मोल

विमान आकाशात एकटे दिसले, तरी त्याचा वैमानिक एकाकी नसतो. विमानतळाच्या मनोऱ्यातील नियंत्रक बिनतारी यंत्रावरून त्याच्याशी बोलत असतो. कोठे थांबावे, केव्हा उड्डाण करावे, हे नियंत्रक सांगतो. दाट धुके पडले म्हणजे त्याला विमानही दिसत नाही. मग सारी भिस्त शब्दांवरच असते.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर असेच धुके दाटले होते. धावपट्टीच्या एका टोकास एक डच विमान उड्डाणासाठी उभे होते. त्याच धावपट्टीवरून एक अमेरिकन विमान समोरून हळूहळू येत होते. डच विमानास पुढील हवाई मार्ग कळविला गेला होता; उड्डाणाची परवानगी मात्र मिळाली नव्हती. तरीही कप्तानाने विमान धावावयास सोडले.

सहवैमानिकाने इंग्रजीत कळविले, "आम्ही आता टेक-ऑफवर आहोत." इंग्रजी ही त्याची मातृभाषा नव्हती आणि स्पॅनिश नियंत्रकाचीही नव्हती. विमान सज्ज होऊन उभे आहे, असा अर्थ नियंत्रकाने घेतला. "ओके," असे म्हणून त्याने पुढे थांबावयास सांगितले. नेमक्या त्याच क्षणी अमेरिकन वैमानिकही बोलू लागला. दोघांचे बोलणे एकमेकांत मिसळून कर्कश आवाज झाला. डच वैमानिकांना स्पष्ट ऐकू आले ते केवळ 'ओके'! समोरचे विमान बाजूस झाले नाही काय, अशी शंका त्यांच्या अभियंत्याने काढली. परंतु कप्तानाने ती झटकून टाकली. काही क्षणांतच दोन्ही विमाने आदळली आणि ५८३ माणसे प्राणांस मुकली.

तो कप्तान अननुभवी नव्हता. इतर वैमानिकांस शिकविणारा होता. म्हणूनच जगाने या घटनेपासून धडा घेतला. आता 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना अथवा ती रद्द करतानाच वापरतात. एरवी 'डिपार्चर', म्हणजे प्रस्थान, असे म्हणतात. धावपट्टीविषयीच्या आज्ञेला नुसते 'ओके' म्हणून चालत नाही. ऐकणाऱ्याने ती पुन्हा उच्चारून दाखवावी लागते, आणि चूक आढळल्यास नियंत्रक ती सुधारतो. शंका आल्यास पुन्हा विचारणे, यात कोणी कमीपणा मानीत नाही.

शब्द मुखातून बाहेर पडला म्हणजे बोलणे संपत नाही. ऐकणाऱ्यास त्याचा नेमका अर्थ कळला, तरच ते पूर्ण होते.