लायसन्स फक्त मामांना दाखवायला नसतं

लायसन्सचा विषय निघाला की आपल्या गप्पा थेट चौकात जाऊन पोचतात. आज कुठल्या सिग्नलला मामा उभे आहेत, कोणत्या गल्लीतून काढली तर ते लागत नाहीत, ओळखीचं कोण आहे आणि शेवटी किती द्यावे लागतात. मुलाच्या हातात किल्ली देताना आईसुद्धा एवढंच बजावते, ‘मेन रोडला जाऊ नकोस हं, पकडतील.’ पकडले जाण्याची भीती खोटी नाही, पण सगळ्या भीतींमध्ये ती सर्वांत स्वस्त आहे. विनापरवाना गाडी चालवण्याचा मोठा हिशेब होतो तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर, आणि तिथली वसुली बहुतेकदा गाडीच्या मालकाच्या गळ्यात येते. चालवणारा भाचा असेल, मित्र असेल, नाहीतर नुकता ठेवलेला ड्रायव्हर.

‘फार तर पाचशेची पावती फाडतील’

हा आकडा जुना झाला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८१ मध्ये विनापरवाना चालवण्याचा दंड पूर्वी खरोखरच ५०० रुपयांपर्यंत होता. १ सप्टेंबर २०१९ पासून तो ५,००० रुपये झाला, शिवाय ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. महाराष्ट्राने वाढीव दर लगेच स्वीकारले नाहीत, ते आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये आले. लोकांच्या डोक्यात जुना भाव घर करून बसला आहे तो कदाचित त्यामुळेच.

शिवाय पावती एकच फाटते असंही नाही. परवाना नसलेल्याला गाडी देणं हा कलम १८० खाली वेगळा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षाही तेवढीच. म्हणजे मित्राची बाइक घेऊन चहाला गेलात, तर चहा प्यायला न आलेला मित्रही अडकतो. पोलीस गाडी ताब्यात घेऊ शकतात, ते कलम २०७. परवाना निलंबित असताना किंवा अपात्र ठरवलेलं असताना चालवलीत तर दंड १०,००० रुपये.

लायसन्स आहे पण घरी राहिलं, ही गोष्ट निराळी. तिथे गुन्हा कागद न दाखवल्याचा आहे, परवाना नसल्याचा नाही, आणि दंडही किरकोळ. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन्स कायद्याने ग्राह्य आहे. मोबाइलच्या गॅलरीतला फोटो मात्र कुणी मान्य केलाच पाहिजे असं नाही.

‘विमा भरलाय, मग भीती कसली?’

सगळ्यांत महागडा गैरसमज हा. घरात गाडीची पॉलिसी असेल तर काढून बघा. बारीक अक्षरात ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ नावाचा परिच्छेद असतो. गाडी कुणीही चालवू शकतं, पण अपघाताच्या वेळी त्याच्याकडे अमलात असलेला परवाना हवा आणि तो अपात्र ठरवलेला नसावा, अशी त्यात अट असते. विम्याचा हप्ता कितीही वेळेवर भरलेला असो, ही अट मोडली की कंपनी तिच्यावर बोट ठेवते.

यातला पहिला फटका सरळ आहे. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा कंपनी नाकारते. गाडीमालक स्वतः चालवत असताना गेला, तर वारसांना मिळणारं १५ लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षणही वैध परवाना असेल तरच लागू होतं. ही रक्कम नेमकी त्या घराला हवी असते जिथे कमावता माणूस गेलेला असतो.

दुसरा फटका समजायला थोडा आकडेमोडीचा धीर हवा. समजा, तुमची बाइक तुमच्या पुतण्याने नेली. लायसन्स नाही. त्याच्या धडकेत तीस वर्षांचा एक माणूस गेला. तो महिना २० हजार कमावत होता आणि घरात बायको व दोन मुलं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत भरपाईचं सूत्र घालून दिलं आहे, त्याप्रमाणे हिशेब असा होतो. वर्षाची कमाई २ लाख ४० हजार. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के भर घातली की ३ लाख ३६ हजार. तो स्वतःवर खर्च करायचा तो एक तृतीयांश वजा केला की २ लाख २४ हजार. तिसाव्या वर्षासाठीचा गुणक १७. गुणाकार करा, ३८ लाख ८ हजार रुपये. यावर अंत्यविधीचा खर्च, कुटुंबाच्या वियोगाची ठरीव रक्कम आणि व्याज वेगळं.

आता विमा कंपनी काय करते? नॅशनल इन्शुरन्सच्या २००४ सालच्या गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसतं ‘ड्रायव्हरकडे परवाना नव्हता’ असं सांगून कंपनीला सुटता येणार नाही, मालकाने निष्काळजीपणे किंवा जाणूनबुजून गाडी दिली हे तिने सिद्ध करावं. आणि ते सिद्ध झालं तरी पीडित कुटुंबाला ताटकळत ठेवायला नको म्हणून न्यायाधिकरण बरेचदा आदेश देतं की कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. वकील मंडळी याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. गावात मात्र याचा अर्धाच भाग पोचतो, ‘कंपनीने पैसे दिले.’ उरलेला अर्धा नंतर येतो. या वसुलीसाठी कलम १७४ खाली न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवू शकतं आणि मग रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे नोटीस, मग जप्ती. पुतण्या तेव्हा नोकरीनिमित्त परगावी असतो, जमीन काकांची असते.

फौजदारी बाजू यापासून वेगळी चालते. निष्काळजीपणे मृत्यूला कारण ठरल्याबद्दल १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ५ वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंड संहितेत ती २ वर्षं होती.

‘वय नाही झालं, पण हात एकदम साफ आहे’

हे वाक्य अभिमानाने बोललं जातं. आठवी-नववीतल्या मुलाने कार रिव्हर्स घेतल्याचा व्हिडिओ बाप फॅमिली ग्रुपवर टाकतो आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, हे अर्धसत्य त्याच्या पाठीशी असतं. मिळतो खरा, पण ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये आणलेल्या लूनाच्या जमान्यात या तरतुदीला अर्थ होता. आज कॉलेजच्या पार्किंगमध्ये ज्या स्कूटर दिसतात त्या ११०-१२५ सीसीच्या आहेत, त्यांना अठरा पूर्ण हवीत. प्रवासी आणि मालवाहू वाहनांना वीस.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ अ आणलं, आणि ते वाचून किल्ली देणारा हात जरा थबकावा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत शिकाऊ किंवा पक्का, कोणताही परवाना नाही. संमती होती असंच न्यायालय गृहीत धरतं. ‘मला न विचारता नेली’ हे सिद्ध करायची जबाबदारी बापावर. किल्ली दारामागच्या खिळ्याला टांगलेली असेल तर कसं सिद्ध करणार?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. राज्यभर चर्चा झाली ती जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाची आणि बदललेल्या रक्तनमुन्यांची. ती व्हायलाच हवी होती. पण या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळणार नाही, हे परिवहन विभागाने तेव्हाच सांगितलं होतं, ते मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. ही तरतूद पोर्शेला लागू आहे तशीच शेजारच्या मोपेडलाही.

याच घरातलं दुसरं वाक्य, ‘गल्लीतल्या गल्लीत चालवतो.’ कायद्याला मेन रोड आणि गल्ली हा भेद ठाऊक नाही. जिथे लोकांना ये-जा करण्याचा हक्क आहे ते सार्वजनिक ठिकाण, आणि तिथे परवाना हवा. स्वतःच्या शेतात ट्रॅक्टर फिरवणं वेगळं. तोच ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या लावून कारखान्याच्या रस्त्याला आला की चालवणाऱ्याकडे लायसन्स हवंच. गळीत हंगामात रात्री त्या रस्त्यांवरून गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

‘लर्निंग आहे की!’

लर्निंग लायसन्स म्हणजे शिकण्याची परवानगी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला तिसरा नियम सांगतो की सोबत त्या प्रकारच्या वाहनाचा पक्का परवाना असलेला माणूस हवा आणि तो गाडी आवरू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. मागच्या सीटवर डुलक्या घेणारे मामा चालत नाहीत, हे मामा घरचे. गाडीच्या पुढे आणि मागे १८ सेंटिमीटर चौरसाच्या पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा, १० सेंटिमीटर उंचीचा. काचेला चिकटवलेला नखाएवढा स्टिकर म्हणजे ती पाटी नव्हे. दुचाकीवर शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवता येत नाही. आता लर्निंग लायसन्स आधारच्या साहाय्याने घरबसल्या निघतं, त्यामुळे ते मिळालं म्हणजे काम झालं असं वाटू लागलं आहे. सहा महिन्यांत त्याची मुदत संपते.

‘संपलं तरी महिनाभर चालतं’

चालायचं. मुदत संपल्यावर ३० दिवस परवाना अमलात राहील ही सवलत कायद्यात होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती काढली. आता मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनापरवाना. नूतनीकरणासाठी वर्षभर आधी आणि वर्षभर नंतर अर्ज करता येतो. याचा लोक उलटा अर्थ लावतात. अर्ज करायला वर्ष आहे, चालवायला नाही. वर्ष उलटून गेलं की पुन्हा चाचणी द्यावी लागते.

यातला एक निकाल ट्रॅव्हल्स आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनी कार्यालयात लावून ठेवावा असा आहे. ट्रकच्या ड्रायव्हरचा परवाना संपून तीन वर्षं झाली होती, अपघातात तो स्वतः जखमी झाला. कामावर ठेवताना लायसन्स पाहिलं होतं, हा मालकाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मानला नाही. त्याचं नूतनीकरण होतंय की नाही यावर लक्ष ठेवणं मालकाचं काम, असं म्हणत भरपाई मालकावर टाकली. डिसेंबरात अमेरिकेहून आलेले आणि भावाची कार घेऊन गणपतीपुळ्याला निघणारे पाहुणेही याच रांगेत येतात. ड्रॉवरमधलं जुनं भारतीय लायसन्स कधीच संपलेलं असतं. तिथल्या लायसन्सवर इथे चालवायचं तर आंतरराष्ट्रीय परवाना सोबत आणायला हवा.

‘एक लायसन्स, सगळ्या गाड्या’

तसं नाही. बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना गिअरच्या बाइकला चालत नाही, बाइकचा कारला नाही. चुकीच्या वर्गाची गाडी चालवणं म्हणजे त्या गाडीपुरतं विनापरवाना. पण याच बाबतीत उलटा गैरसमजही होता आणि तो विमा कंपन्यांनी वर्षानुवर्षं लढवला, की कारचं लायसन्स असलेल्याला टॅक्सी किंवा छोटा टेम्पो चालवायला वेगळी नोंद लागते. ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकालात काढला. एलएमव्ही, म्हणजे कारच्या, परवान्यावर भारासह एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असलेलं व्यावसायिक वाहन चालवता येतं. किती टेम्पोवाल्यांचे दावे या एका मुद्द्यावर अडले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

ई-स्कूटरला लायसन्स लागत नाही, हेही सरसकट खरं नाही. ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग आणि पाव किलोवॉटपेक्षा कमी ताकद असलेल्यांनाच ती सूट आहे. दुकानदार ‘वेग वाढवून देतो’ म्हणाला, की सूट गेली.

‘लायसन्स नव्हतं, म्हणजे चूक त्याचीच’

असं सांगून अपघातग्रस्ताला पोलीस ठाण्याबाहेरच मिटवायला लावणारे महाभाग भेटतात. धडक ट्रकने दिली असेल आणि दुचाकीवाल्याकडे परवाना नसेल, तर त्याने परवान्याचा दंड भरावा, भरपाईचा हक्क त्यामुळे बुडत नाही. परवाना नसणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं आहे. अशा वेळी कोऱ्या कागदावर सही करू नका, आधी वकिलाला भेटा.

आणि एजंटाने ‘न जाता’ काढून दिलेलं लायसन्स? ते मुळात बनावट असेल तर नंतर आरटीओत रीतसर नूतनीकरण झालं तरी बनावटच राहतं, हा २००१ चा निकाल आहे. आपला क्रमांक सारथी पोर्टलवर टाकून नोंद सापडते का ते बघा. त्याच वेळी पाकिटातल्या कार्डावरची मुदत आणि वाहनांचे वर्गही वाचून घ्या, आणि घरात ज्यांच्या हाती तुमची किल्ली जाते त्यांचीही कार्डं मागा. मुदतीत केलेल्या नूतनीकरणाची सरकारी फी २०० रुपये आहे, कार्डाचे पैसे वेगळे.