पहिली परदेशवारी, लेखांक ४ : शहरं किती, मुक्काम कुठे?

“एवढं लांब जातोय, तर पॅरिसही करून येऊ.”

इटलीचा बेत आखायला बसलेल्या जोडप्यात हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. पॅरिसमागून स्वित्झर्लंड येतं, मग एखादा मित्र सांगतो की मिलानहून बर्फ जवळच आहे. बघता बघता कागदावर दहा दिवसांत सात शहरं होतात. पहिल्या प्रवासाचा उत्साह मला मनापासून समजतो. पुन्हा कधी जाणं होईल, ही धाकधूक त्यामागे असते. तरीही माझं ठाम मत असं की पहिल्या वारीला एक देश आणि तीन शहरं पुरेत. आजचा लेख त्या तीन शहरांचा आहे. व्हिसा, विमान, हॉटेल हे सगळं यावरच अवलंबून आहे.

बेत शहरांत मोजू नका, रात्रींत मोजा. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान रेल्वेने दीड तासाचं अंतर आहे. म्हणून आपल्याला वाटतं, सकाळी निघू आणि अकराला फिरायला लागू. पण बॅगा भरणं, खोली सोडणं, स्टेशन गाठणं, उतरल्यावर नवं हॉटेल शोधणं, खोली दुपारी दोन-तीनला मिळणार म्हणून सामान ठेवून बाहेर पडणं, हे सगळं धरलं की अर्धा दिवस जातोच. सात शहरं म्हणजे सहा स्थलांतरं, म्हणजे तीन दिवस फक्त सामान ओढण्यात. दहातले तीन! त्यातून होणारी चिडचिड शेवटी एकमेकांवरच निघते, आणि नव्या संसारातल्या पहिल्या मोठ्या प्रवासात ती कुणालाच नको असते.

आता तारखा. कोल्हापूरच्या बहुतेक घरांत नवरात्रात घट बसतात, तेव्हा घर सोडून जाणं नको वाटतं. दिवाळीत तर घरी असायलाच हवं. दसरा आणि लक्ष्मीपूजन यांच्यामध्ये जवळपास वीस दिवस मिळतात. दसरा चौकातलं सोनं लुटून झालं की निघावं आणि फराळाला परत यावं. तेव्हा इटलीत उन्हाचा तडाखा ओसरलेला असतो. ऑगस्ट मात्र टाळा. तिकडे १५ ऑगस्टच्या आसपास अनेक दुकानं आणि खानावळी बंद असतात आणि इकडे पंचगंगा काय करेल याचा नेम नसतो. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन मुंबईची वाट बंद झाली होती, हे आपण विसरलेलो नाही.

विमानाचं तिकीट काढताना येण्याजाण्याचं साधं तिकीट घेऊ नका. ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडून जाताना मुंबई-रोम आणि येताना व्हेनिस-मुंबई असं घ्या. आखाती देशांतून जाणाऱ्या काही विमान कंपन्यांकडे दोन्ही शहरं असतात. साध्या तिकिटात शेवटच्या दिवशी उलटं रोमला यावं लागतं, म्हणजे आणखी एक दिवस आणि रेल्वेचं भाडं. किंमत दोन्ही प्रकारे तपासा, पण तुलना करताना हा वाचलेला दिवसही धरा.

माझा आराखडा असा. सोमवारी कामावर जाऊन रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची. मंगळवारी सकाळी मुंबई. दिवस एखाद्या नातेवाइकाकडे विश्रांतीत. विमान बहुधा मध्यरात्रीनंतरचं असतं, आणि इथे घोटाळा होतो. तिकिटावर बुधवार पहाटे तीन लिहिलेलं असेल, तर विमानतळावर मंगळवारी रात्रीच पोचायचं असतं. हे वाक्य दोघांच्याही फोनमध्ये लिहून ठेवा. बुधवारी दुपारपर्यंत रोम. तिथे चार रात्री. रविवारी फ्लॉरेन्स, तीन रात्री. पुढच्या बुधवारी व्हेनिस, दोन रात्री. शुक्रवारी विमान, शनिवारी मुंबई, आणि रविवारी सकाळी कोल्हापूर. शनिवारी सुट्टी असेल तर रजा नऊ दिवसांची लागते.

वार मी सहज निवडलेले नाहीत. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. बुधवारी सकाळी पोप यांची सार्वजनिक भेट असते, त्यामुळे सेंट पीटर्सच्या परिसरात प्रचंड गर्दी असते. म्हणून व्हॅटिकन गुरुवारी किंवा शुक्रवारी. कोलोसियमच्या तिकिटावर वेळ आणि नाव दोन्ही छापलेलं असतं आणि दारात ओळखपत्र पाहतात, म्हणून ते शनिवारी ठेवून आधीच काढा. पोचल्याच्या दिवशी मात्र वेळ ठरलेलं कोणतंही तिकीट काढू नका. विमानाला उशीर झाला तर पैसे गेलेच. त्या दिवशी नुसतं चाला, लवकर जेवा आणि झोपा. उन्हाळी वेळेत इटली आपल्या साडेतीन तास मागे असते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन पहाटे तुम्हाला आपोआप लवकर जाग येईल. त्याचा फायदा घ्या. त्रेवीच्या कारंज्यापाशी दिवसा उभं राहायला जागा नसते, पहाटे तिथे मोकळेपणाने बसता येतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो. तुमच्या तारखा त्यावर येत असतील तर रेल्वेच्या वेळा पुन्हा पाहा.

फ्लॉरेन्सचा सोमवार मी मुद्दाम घेतला आहे. उफिझी आणि मायकेलँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमिया, ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून बरेच प्रवासी तो वार टाळतात. कोल्हापूरच्या माणसाने तो टाळू नये. शहराच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाने कास्किने नावाचं उद्यान साडेतीन किलोमीटर पसरलं आहे. त्याच्या अगदी टोकाला, मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते तिथे, एका छत्रीखाली आपल्या छत्रपती राजाराम महाराजांचा अर्धपुतळा आहे. हे शिवरायांचे पुत्र राजाराम महाराज नव्हेत, आणि राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम महाराजही नव्हेत. शाहू महाराजांच्या आधी, १८६६ ते १८७० या काळात कोल्हापूरच्या गादीवर असलेले हे छत्रपती.

१८७० मध्ये ते युरोपच्या प्रवासाला गेले. सुएझचा कालवा खुला होऊन वर्षही झालं नव्हतं. इंग्लंडमध्ये ते राणी व्हिक्टोरियाला भेटले, संस्था पाहिल्या, आणि जे पाहिलं ते इंग्रजीत रोजनिशीत लिहीत गेले. कॅप्टन वेस्ट यांनी संपादित केलेली ती रोजनिशी १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. परतीच्या वाटेवर महाराज आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, रोम राजधानी झालं ते पुढच्या वर्षी. मृतदेहाचं दहन त्या शहराला अपरिचित होतं, तरी नगरपालिकेने खास परवानगी दिली आणि दोन नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. प्रयाग चिखलीचा संगम ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती जागा का निवडली हे सांगावं लागणार नाही. १८७४ मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं. पुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. वरच्या छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे ज्यांनी आपल्या न्यू पॅलेसची रचना केली तेच. पुढे १९७८ मध्ये जवळच आर्नोवर मोठा पूल झाला, त्यालाही या स्मारकावरून ‘इंडियानो’, म्हणजे ‘भारतीय’, हे नाव मिळालं. राजाराम कॉलेजमध्ये शिकलेल्या किती जणांना ठाऊक असेल की कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्यांची आठवण इतक्या दूरच्या शहराने आपल्या नकाशावर जपली आहे?

फ्लॉरेन्सला येऊन या ठिकाणी न जाता परतणं मला पटत नाही. सांता मारिया नोवेल्ला स्टेशनजवळून ट्राम घ्या, कास्किनेच्या थांब्यावर उतरा आणि झाडांच्या सावलीतून नदीकाठाने चालत जा. चाल मोठी आहे, पाण्याची बाटली आणि चांगले बूट हवेत. दुपारी डुओमो या मुख्य चर्चच्या चौकात परत या. मंगळवार उफिझी आणि डेव्हिडसाठी ठेवा, दोन्हीची तिकिटं वेळेसह आधी काढून.

व्हेनिसबद्दल थोडक्यात. तिथे दोन स्टेशनं आहेत. मेस्त्रे जमिनीवर, सांता लुचिया बेटांवर. दोन्हींमध्ये रेल्वेने दहा-बारा मिनिटांचं अंतर, आणि मेस्त्रेला खोल्या स्वस्त मिळतात. तरीही परवडत असेल तर बेटांवर राहा. दिवसाचे पाहुणे संध्याकाळी परततात आणि मग गल्ल्या खऱ्या अर्थाने तुमच्या होतात. फक्त हॉटेल सांता लुचियाच्या जवळचं निवडा. तिथल्या पुलांना पायऱ्या आहेत आणि गाडी दारापर्यंत येत नाही. मोठ्या बॅगेपेक्षा दोघांच्या दोन लहान बॅगा बऱ्या.

मिलानचा मोह अनेकांना होईल. २०२५ मध्ये तिथल्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि शो करणाऱ्या कंपनीने त्यामागची भारतीय परंपरा मान्य करेपर्यंत कोल्हापूर गप्प बसलं नाही. तो अभिमान रास्त आहे. पण नऊ रात्रींत चौथं शहर कोंबलं तर फ्लॉरेन्सची एक रात्र जाते. माझ्या मते ती देऊ नये.

आता दोघांनी मिळून करायचं काम. एकत्र बसण्याआधी प्रत्येकाने वेगळ्या कागदावर पाच गोष्टी लिहायच्या, ज्या केल्याशिवाय परत यायचं नाही. मग कागद समोरासमोर ठेवायचे. एकाच्या यादीत सगळी संग्रहालयं आणि दुसऱ्याच्या यादीत नदीकाठी कॉफी आणि उशिरा उठणं असं निघालं, तर ते इथेच, घरच्या टेबलाशी कळलेलं बरं. प्रत्येक शहरातली एक दुपार रिकामी ठेवा. त्या दुपारी दोघं वेगवेगळ्या ठिकाणी गेलात तरी काही बिघडत नाही. बँकेची कार्डं दोघांच्या वेगवेगळ्या बॅगांत ठेवा, म्हणजे एक हरवलं तर अडायला होणार नाही.

आणि नावाचं एक. लग्नानंतर बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर विमान, हॉटेल, कोलोसियम, सगळीकडे तेच नाव घाला. लग्नानंतरचं नवं नाव सवयीने टाइप होतं आणि दारात अडवणूक होते. नवं नाव हवंच असेल तर पासपोर्ट आधी बदला, तिकिटं नंतर.

पुढच्या आठवड्यात व्हिसाची फाइल. त्यासाठी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो, म्हणून तोवर एक तक्ता तयार ठेवा : तारीख, वार, शहर, आणि ज्या हॉटेलचं बुकिंग पैसे न कापता रद्द करता येतं त्याचं नाव. एकही रात्र कोरी राहता कामा नये, विमानातली रात्रसुद्धा ‘प्रवास’ म्हणून लिहा.